शिट्टी आणि संजीवनी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी क्रीडासप्ताहाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



गेले आठ दिवस आपल्या मुलामुलींचे खेळ चालू होते. आज बक्षिसे वाटून झाली, छायाचित्रे निघाली, आणि आता पाने मांडली जाण्यापूर्वीचा जो अवघड अर्धा तास असतो, तो आपल्या चिटणीसांनी माझ्या पदरात टाकला आहे. ‘पंचगिरीविषयी चार शब्द बोला’ अशी त्यांची आज्ञा. पंचाने बोलावे कमी आणि शिट्टी वाजवावी वेळेवर, असे मी आजवर मानत आलो. तरी आज्ञाभंग करणे सरकारी नोकराच्या रक्तात नाही.

मी नामवंत खेळाडू नव्हतो आणि क्रीडाशास्त्राचा अभ्यासकही नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात लागलो आणि बदल्यांच्या ओघात चंदीगडच्या किनाऱ्याला लागलो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळलो, अंगात खेळण्यापेक्षा खेळवण्याची खोड अधिक आहे हे लौकर कळले, म्हणून पंचांची परीक्षा दिली. इथे आल्यावर कोणाला तरी त्याचा सुगावा लागला आणि गेली वीस वर्षे रविवारची सकाळ मुलांच्या सामन्यांत जाते. आमच्या घरातून या सेवेविषयी काय अभिप्राय आहे, तो येथे नोंदवण्याचे कारण नाही.

तुल्यबळ संघांचा सामना अवघड असतो असे प्रेक्षकांना वाटते. पंचांना विचाराल तर उत्तर उलट मिळेल. १९-१९ गुणांवर असलेल्या मुलांचे चित्त खेळात असते. त्यांना भांडायला सवड नसते. खरी कसोटी लागते ती गुणफलक एका बाजूला कलंडला म्हणजे. जिंकणाऱ्यांना करायला काही उरत नाही आणि हरणाऱ्यांना गमवायला काही उरत नाही. मग जिंकणारे खिजवू लागतात, हरणारे खेळाडूऐवजी त्याचा राग धरू लागतात, बाहेरचे पालक आत येऊ पाहतात, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा खेळ पाहता पाहता पेटतो. अशा वेळी पंचाने काय करावे, हा आजचा विषय. तो मी पुस्तकातून शिकलो नाही. स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

बरीच वर्षे झाली. शहरातल्याच एका मैदानावर किशोर गटाचा कबड्डी सामना होता आणि मी सरपंच होतो. एका बाजूला नित्य सराव करणारा, एकसारख्या गणवेशातला संघ. दुसऱ्या बाजूला एका वसाहतीतली मुले, कोणाच्या पायात बूट तर कोणी अनवाणी. पंधरा मिनिटांचा पहिला डाव संपला तेव्हा गुण होते ३४-७. तीन लोण झाले होते. जिंकणारी मुले मध्यरेषेवर उभी राहून वाकुल्या दाखवत होती. मी म्हटले, पोरेच ती. हरणारी मुले पकड करताना बनियन ओढत होती. मी म्हटले, हरताहेत बिचारी, जाऊ द्या. दोन्हीकडे मी डोळेझाक केली आणि तिला मनातल्या मनात समजूतदारपणा असे नाव दिले.

उत्तरार्धात हरणाऱ्या संघाचा कर्णधार चढाईला गेला. अंगाने किरकोळ, पण दमाचा पक्का. कोपऱ्यातल्या खेळाडूच्या दिशेने त्याने हात टाकला आणि परतला. स्पर्श झाला नव्हता. मला ते स्वच्छ दिसले होते. तरी माझा हात त्याच्या बाजूने वर गेला. एक गुणाने काय बिघडते, पोराला हुरूप येईल, असा तो विचार होता. विचार कसला, तो एक कढ होता.

जे व्हायचे तेच झाले. ज्याला मी बाद दिले तो मुलगा जागचा हलेना. त्याच्या प्रशिक्षकाने बाहेरून मला दोन शब्द ऐकवले, आणि ते दोन्ही मी मिळवलेले होते. पुढच्याच चढाईत त्या संघाच्या गड्याने स्पर्शाच्या निमित्ताने समोरच्याच्या छातीत लाथ घातली. समोरच्यांनी त्याला पायांची कैची घालून आडवा पाडला आणि वर केस धरले. माणसे मैदानात शिरली. आता मी कार्डे काढली, पण घर जळू लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते होते. एका मुलाचे मनगट मुरगळले, दहा मिनिटे सामना थांबला, आणि कसाबसा पुरा झाला.

सगळे पांगल्यावर मी गुणपत्रिकेवर सही करत होतो. तो किरकोळ कर्णधार जवळ येऊन उभा राहिला. मला वाटले, आभार मानील. तो म्हणाला, “सरजी, वो पॉइंट हमारा नहीं था. मेरा हाथ लगा ही नहीं था.” आणि जरा थांबून म्हणाला, “हारे तो हारे, ऐसे मत दिया करो.”

बंधुभगिनींनो, लेखापरीक्षणाच्या नोकरीत मी पुष्कळांच्या चुका काढल्या. माझ्या वहीवर असा शेरा कोणी मारला नव्हता. त्या मुलाकडे त्या दिवशी गुण नव्हते, जिंकण्याची आशा नव्हती. आपण जे मिळवले ते आपण मिळवले, एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती. आणि दया दाखवण्याच्या भरात तीच मी काढून घेतली होती.

त्या रात्री झोप आली नाही, आणि इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मन आपल्याच खेळाच्या जुन्या गोष्टींकडे गेले. आज आपण जिला कबड्डी म्हणतो, तिच्या पूर्वी एकाहून अधिक तऱ्हा होत्या. ‘गामिनी’ पद्धतीत बाद झालेला गडी बाहेरच बसे; सगळा संघ संपेपर्यंत त्याला आत येणे नसे. ‘अमर’ पद्धतीत गडी बाद होऊनही मैदानातच राही, फक्त गुण मोजले जात. आणि ‘संजीवनी’ पद्धतीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन आत येई. १९२३ मध्ये बडोद्याला नियम छापले गेले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी या खेळाचे दर्शन जगाला घडवले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचले, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत खेळाला पदकाचा मान मिळाला. या सर्व वाटचालीत आपल्या जाणत्यांनी पद्धत टिकवली ती संजीवनी.

यातले शहाणपण पाहा. दुबळ्या संघाचे सातही गडी बाद झाले की त्यावर लोण बसते, प्रतिपक्षाला दोन गुण अधिक मिळतात. हा झाला दंड. पण त्याच क्षणी ती सातही मुले पुन्हा उभी राहतात आणि मैदान पुन्हा सात विरुद्ध सात होते! हरणाऱ्याला बाहेर बसवून ठेवायचे नाही, त्याला पुन्हा पुन्हा संधी द्यायची, ही करुणा नियमातच घातलेली आहे. इथल्या पंजाबी मातीतली वर्तुळाची कबड्डी दिसायला केवढी वेगळी! धावी आणि जाफी एकमेकांना भिडतात, गुण कोणाचा ते ठरते. पण बाद म्हणून बाहेर कोणी बसत नाही. आपल्या जुन्या ‘अमर’ पद्धतीची ती बहीणच म्हणावी.

इतर खेळांतही अशी सोय आहे. खो-खोत मोठी आघाडी घेतलेला संघ फॉलोऑन देऊ शकतो. फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती थांबवून निकाल देतात. सॉफ्टबॉलमध्ये पाच डावांनंतर सात धावांची आघाडी असली तर सामना तिथेच संपतो. मुष्टियुद्धात पंच लढत थांबवू शकतो. ही सारी दया आहे, पण ती आधी लिहून ठेवलेली, दोघांना ठाऊक असलेली आणि दोघांना सारखी आहे. पंचाने आपल्या खिशातून काढून दिलेली दया तशी नसते. कचेरीत आपण हे रोज पाहतो. नियमात सवलत असेल तर माणूस ती ताठ मानेने घेतो. नियमात नसताना साहेबाने दिली तर ती मेहेरबानी होते, आणि मेहेरबानी घेणाऱ्याची मान खाली जाते.

जिथे नियमात अशी सोय नसते, तिथे काय होते? जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला सोळा वर्षांखालील मुलांच्या आंतरशालेय क्रिकेट सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासून इंग्लंडच्या कॉलिन्सच्या नावावर असलेला ६२८ धावांचा उच्चांक मोडला. त्या मुलाचे कौतुक जगभर झाले आणि ते यथार्थच होते. पण गुणपत्रिकेची दुसरी बाजूही वाचावी. समोरच्या शाळेचा पहिला डाव ३१ धावांत संपला होता. नंतर १४६५ धावा होईपर्यंत ती मुले चेंडूमागे धावली आणि दुसऱ्या डावात ५२ धावांत बाद झाली. समोरची मुले वयाने बरीच लहान होती असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. पहिल्या दिवसअखेर प्रणव ६५२ वर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुले पुन्हा मैदानात उतरली, ही गोष्ट मला त्या हजार धावांइतकीच मोठी वाटते.

क्रिकेटमध्ये डाव सोडण्याचा अधिकार कर्णधाराचा, पंचाचा नव्हे. मग पंचाने काय करायचे? षटकाचे सहा चेंडू मोजायचे, मैदान आणि उजेड खेळण्यास योग्य आहे ना ते पाहायचे, लहान मुलांना पाणी वेळेवर मिळते की नाही याकडे लक्ष द्यायचे, आणि हजाराव्या धावेच्या वेळीही पायचीतच्या अपिलाचा पहिल्या धावेइतक्याच गांभीर्याने विचार करायचा. त्यापलीकडचा विवेक मोठ्यांचा: शिक्षकांचा, प्रशिक्षकांचा, स्पर्धेचे नियम करणाऱ्यांचा. मोठेसुद्धा तो सांभाळतातच असे नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते; ब्रॅडमनच्या ४५२ धावांना नऊच कमी होत्या. मधल्या विश्रांतीत काठेवाडने सामनाच सोडून दिला आणि तो विक्रम कायमचा हुकला. मानहानी सोसवेनाशी झाली की हरणारा काय करतो, त्याचे हे उदाहरण. तेथे तर सगळे प्रौढ होते. मग तेरा वर्षांच्या मुलाने कैची घातली तर नवल कसले?

आपल्या शहराचे उदाहरण यापेक्षा आनंदाचे आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कडप्पा येथे एकोणीस वर्षांखालील मुलींच्या एकदिवसीय सामन्यात चंदीगडच्या काशवी गौतमने अरुणाचल प्रदेशचे दहाच्या दहा बळी अवघ्या बारा धावांत घेतले. समोरचा संघ २५ धावांत आटोपला. चंदीगडच्या संघाला क्रिकेट मंडळाची मान्यता मिळाली ती २०१९ मध्ये, अरुणाचलही नवखेच. त्या दिवशी आपण सगळे आनंदलो. मला मात्र सवयीप्रमाणे पंच आठवले. दहावा गडी बाद ठरवताना विक्रम व्हावा म्हणून बोट वर करणे जितके वाईट, तितकेच शेवटच्या मुलीची कीव येऊन ते खाली ठेवणे वाईट. त्यांनी नियमाने काम केले असले पाहिजे, म्हणूनच तो विक्रम निर्मळ आहे.

आता माझ्या चुकीनंतर मी काय पाळू लागलो, ते थोडक्यात सांगतो. आपल्यातल्या तरुणांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, सामना हातात ठेवायचा तो पहिल्या पाच मिनिटांत. तेव्हा दिलेला इशारा मुले ऐकतात. चौथ्या लोणानंतर दिलेला इशारा त्यांना अपमान वाटतो. दुसरी, एकदा फरक वाढला की मी गुणफलकाकडे पाहणे सोडतो आणि मुलांच्या हातांकडे व डोळ्यांकडे पाहतो. हात बनियनवर जाऊ लागला, नजर चढाईकडून माणसाकडे वळली, की वादळ जवळ आले समजावे. तिसरी, वाकुलीला आणि ओढाताणीला एकच माप. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद. ते खिजवणाऱ्याला आणि चिडणाऱ्याला सारखेच दाखवायचे. त्यानेही भागले नाही तर पिवळे, म्हणजे दोन मिनिटे बाहेर. आपण पुष्कळदा दुसऱ्या फटक्याला शिक्षा करतो आणि पहिला टोमणा ऐकूनही न ऐकल्यासारखे करतो. मुलांचा विश्वास उडतो तो इथे.

चौथी गोष्ट, सगळ्यांसमक्ष दरडावण्यापेक्षा कर्णधाराला जवळ बोलावून हळू आवाजात दोन वाक्ये बोलावीत. मुलाला सर्वांदेखत लाज आणली की तो माघार घेऊ शकत नाही. एकट्यात सांगितले तर त्याला परतीची वाट राहते. पाचवी, खेळ थांबू देऊ नये. निर्णय दिला की लगेच पुढची चढाई. रिकामा वेळ हा भांडणाचा वेळ असतो. सहावी, मध्यंतरात मी जिंकणाऱ्या संघाच्या गुरुजींना विनंती करतो, आज्ञा नव्हे, की बाकावर बसलेल्या राखीव मुलांनाही आज खेळवा. बहुतेक जण आनंदाने मान्य करतात. त्यांच्याही बाकावर अशी मुले असतात, ज्यांची पाळी कधी येत नाही.

आणि शेवटची, सामना कितीही एकतर्फी असो, घड्याळाचे शेवटचे मिनिट पुरे खेळवायचे. ‘आता काय उरलंय’ म्हणून शिट्टी आधी वाजवण्याचा मोह होतो. पण त्या शेवटच्या मिनिटात एखाद्या मुलाची आयुष्यातली पहिली पकड साधायची असते. तिच्यावर त्याचा हक्क आहे. सामना संपल्यावर दोन्ही संघांचे हात मिळवून देतो आणि दोन्ही संघ मैदान सोडीपर्यंत मी तिथून हलत नाही.

इतके सगळे शिकून मी शहाणा झालो, असे आपल्याला वाटत असेल तर एक गोष्ट सांगून तो गैरसमज दूर करतो. माझ्या मुलाच्या शाळेचा हॉकीचा सामना सेक्टर ४२ च्या मैदानावर होता. आमची मुले नऊ गोलांनी मागे होती. पंच एक वयस्कर सरदारजी होते. नववा गोल झाल्यावर जिंकणारी मुले आमच्या गोलरक्षकासमोर नाचू लागली, तेव्हा त्यांनी त्यांच्या कर्णधाराला बोलावले, काहीतरी पुटपुटले, आणि नाच थांबला. थोड्या वेळाने माझ्या चिरंजीवांनी रागाच्या भरात स्टिक खांद्याच्या वर उचलली. सरदारजींनी शांतपणे हिरवे कार्ड दाखवले. हॉकीत त्याचा अर्थ दोन मिनिटे बाहेर. आणि दोरीच्या बाहेरून एक गृहस्थ ओरडले, “अहो, नऊ गोलांनी हरताहेत पोरं, त्यांना कसलं कार्ड दाखवता!” तेही मराठीत, म्हणजे सरदारजींना ते कळणेही शक्य नव्हते. ते गृहस्थ मीच.

परतताना स्कूटरवर मागे बसलेला मुलगा बराच वेळ गप्प होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, “बाबा, स्टिक मी उचलली होती. तुम्ही का ओरडलात?” वसाहतीतल्या त्या कर्णधाराने दिलेला धडा मी दोरीच्या आत पाठ केला होता, दोरीच्या बाहेर बाप म्हणून उभा राहिलो तेव्हा तो साफ विसरलो.

म्हणून आपणा पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. आपण गावापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर येऊन राहिलो. वर्गात, मैदानात आपले मूल पुष्कळदा एकटेच मराठी असते. ते हरले की आपल्याला दुप्पट लागते. त्याला परके समजूनच असे वागवले, असा संशय मनात येतो. क्वचित तो खराही असेल. पण दर वेळी पंचाच्या अंगावर धावून आपण मुलाला काय शिकवतो? परमुलखात आपल्याला सवलत मागून जगायचे आहे, की नियमाने जे मिळेल ते ताठ मानेने घेऊन? या मंडळाच्या पहिल्या पिढीने इथे पाय रोवले ते कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे. पन्नास वर्षांची ही कमाई आपल्या मुलांच्या खेळातही दिसू द्या.

शेवटी मंडळाला एक सूचना करतो आणि बसतो, कारण स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येऊ लागला आहे आणि त्याच्यापुढे कोणताही वक्ता टिकत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने करंडक आणि ढाली पुष्कळ झाल्या. यंदा दोन-तीन तरुणांना, आणि मुलींनाही, खो-खो व कबड्डीच्या पंचपरीक्षेला बसवा. खर्च फार नाही. माझे गुडघे आता मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत पूर्वीसारखे पोचत नाहीत. शिट्टी कोणाच्या तरी हाती सोपवायची आहे. ती घेणाऱ्याला मी नियमांचे पुस्तक देईन आणि त्या मुलाचे वाक्य सांगेन. पुस्तकातले नियम बदलतात. ते वाक्य बदलण्याचे कारण नाही.